नाटकाला परवाना, चित्राला मोकळं रान: अठराव्या शतकातलं लंडन

फिरता_रंगमंच (धागालेखक)

नाट्यपरिनिरीक्षणावरच्या (नाटकाच्या सेन्सॉरशिपवरच्या) धाग्यात इंग्लिश चित्रकार विल्यम हॉगार्थचं नाव निघालं होतं. तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसलो. 'वेगळा धागा काढा' अशी फर्माईश आली, तर हा घ्या. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. १७३७ साली एका कायद्याने इंग्लंडात नाटकाच्या तोंडाला कुलूप लागलं, चित्राच्या नाही. पुढची सत्तरेक वर्षं जे रंगमंचावर बोलायची सोय नव्हती ते प्रिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, विकणाऱ्या दुकानांच्या काचेत जाऊन उभं राहिलं, आणि तेही नाटकाचेच कपडे घालून. तिथल्या टवाळ चित्रांचा आणि नाटकवाल्यांचा एवढा घरोबा दिसतो, त्यामागे त्या कायद्याचा मोठा हात आहे.

आधी नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. राजाचं पेटंट (नाटक करायची सनद) असलेली थिएटरं दोन: ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. खेळ संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पडदा वर गेला तरी प्रेक्षागृहातल्या मेणबत्त्या तशाच जळत, त्यामुळे नट जितके स्वच्छ दिसत तितकेच प्रेक्षकही. शतकाच्या मध्याला बॉक्सचं तिकीट पाच शिलिंग, तिथे सरदार-उमराव. खाली पिटातल्या, म्हणजे रंगमंचासमोरच्या, बाकांवर तीन शिलिंगवाले वकील, लेखक आणि स्वतःला टीकाकार समजणारे. वर पहिल्या गॅलरीत दोन शिलिंगवाले दुकानदार, आणि अगदी वरच्या गॅलरीत एका शिलिंगात नोकरचाकर, शिकाऊ कारागीर, खलाशी. संत्री विकणाऱ्या बायका मधून फिरताहेत, वरून सालं खाली पडताहेत. काही बडी मंडळी तर थेट रंगमंचावर आसनं टाकून बसलेली. ही बैठक नट-व्यवस्थापक डेव्हिड गॅरिकने ड्रुरी लेनमधून उठवली ती १७६२-६३ च्या सुमाराला. तोवर हॅम्लेटच्या बापाच्या भुताला ह्या लोकांच्या पायांवरून वाट काढत यावं लागत असणार.

आता हॉगार्थचं 'द लाफिंग ऑडियन्स' बघा, १७३३ चं. चित्रात रंगमंच नाहीच! पुढे वाद्यवृंदातले तिघे, आपापल्या कामात गर्क. त्यांच्या मागे कठडा, आणि त्यावर लोखंडी खिळे, अणकुचीदार, पिटातल्या लोकांनी उडी मारून पुढे येऊ नये म्हणून. खिळ्यांच्या मागे पिट: तोंडं वासून, डोळे मिटून, गाल फुगवून हसणारे चेहरे, एकाचं हसणं दुसऱ्यासारखं नाही. त्यांच्यात एकच माणूस आंबट तोंड करून बसलाय. तो समीक्षक, असं मानतात (आपल्याकडेही तो तिसऱ्या रांगेत असतोच). आणि वर बॉक्समध्ये दोन छानछोकी साहेब, खेळाकडे पाठ. एक संत्रीवालीशी लगट करतोय, दुसरा एका बाईला तपकीर देऊ करतोय. पैसे जास्त मोजले त्यांचं नाटकाकडे लक्ष नाही, कमी मोजलेले पोट धरून हसताहेत. गंमत म्हणजे हे चित्र स्वतंत्र विकायला काढलेलं नव्हतं, ती पावती होती. 'सदर्क फेअर' आणि 'अ रेक्स प्रोग्रेस' ह्या चित्रांसाठी आगाऊ वर्गणी भरली की ही मिळायची.

आता कुलपाची गोष्ट. २९ जानेवारी १७२८ ला जॉन गेचं 'द बेगर्स ऑपेरा' लिंकन्स इन फील्ड्सच्या थिएटरात लागलं. चोर, दरोडेखोर, वेश्या, आणि दोन्हीकडून पैसे खाणारा पीचम. प्रेक्षकांना पीचममध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल दिसला. पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोग. थिएटरचा मालक जॉन रिच, म्हणून 'नाटकाने गेला रिच केलं आणि रिचला गे' (गे म्हणजे तेव्हा आनंदी) अशी कोटी गावभर झाली. हॉगार्थने त्यातला तुरुंगाचा प्रवेश तेलरंगात पुनःपुन्हा रंगवला. त्यात उजवीकडे रंगमंचावरच बसलेला ड्यूक ऑफ बोल्टन नाटकातल्या पॉलीकडे, म्हणजे लॅव्हिनिया फेंटनकडे, टक लावून बघतोय. ड्यूकने तिला पुढे ठेवली आणि १७५१ मध्ये लग्नही केलं. गेने पुढचा भाग लिहिला, 'पॉली'. त्यावर बंदी आली. त्याने तो पुस्तक म्हणून छापला आणि हजार पौंडांहून जास्त कमावले. रंगमंचावर बंद, कागदावर चालू. पुढच्या सगळ्या प्रकाराची ही तालीमच.

मग हेन्री फील्डिंग हेमार्केटच्या छोट्या थिएटरात वॉल्पोलची सालटी काढायला लागला. १७३६ मध्ये 'पास्क्विन', १७३७ मध्ये 'द हिस्टॉरिकल रजिस्टर'. शेवटी 'द गोल्डन रम्प' नावाच्या एका अर्वाच्य नाटकाचं हस्तलिखित वॉल्पोलने पुरावा म्हणून पुढे केलं आणि कायदा मंजूर करून घेतला. ते नाटक कधी लागलं नाही, कधी छापलं नाही. वॉल्पोलनेच लिहून घेतलं असावं ही शंका तेव्हापासूनची. कायदा असा: नवीन नाटकाची संहिता चौदा दिवस आधी लॉर्ड चेंबरलेनकडे, म्हणजे राजदरबारातल्या बड्या अधिकाऱ्याकडे, द्यायची, नाहीतर पन्नास पौंड दंड. गद्य नाटकाचे पैसे घेऊन खेळ फक्त पेटंटवाल्या थिएटरांत. फील्डिंगने नाटक सोडलं, वकील झाला, कादंबऱ्या लिहिल्या आणि शेवटी बो स्ट्रीटला न्यायाधीश होऊन बसला, कॉव्हेंट गार्डन थिएटरच्या अगदी शेजारी!

छापील मजकुराची पूर्वतपासणी मात्र १६९५ पासूनच संपलेली होती. चित्र काढा, छापा, विका. नंतर राजद्रोहाचा खटला होऊ शकतो, पण आधी कोणाला दाखवायची गरज नाही.

हॉगार्थने १७३८ मध्ये 'स्ट्रोलिंग अ‍ॅक्ट्रेसेस ड्रेसिंग इन अ बार्न' काढलं. धान्याच्या कोठारात फिरत्या मंडळीची शेवटच्या खेळाची तयारी चाललीय. देव्या अर्धवट कपड्यांत. जूनो एका बाजूला संवाद घोकतेय, दुसरीकडे तिचा मोजा शिवला जातोय. एक गरुडाच्या वेशातली आई पोराला भरवतेय आणि पोर चोच बघून भोकाड पसरतंय. रक्त हवं म्हणून मांजराची शेपटी कापताहेत. माकड शिरस्त्राणात मुततंय. लाटा दाखवायच्या यंत्रावर कोंबडी बसलीय. आणि पलंगावर, राजमुकुटाजवळ, पडलाय तो संसदेचा कायदा, ज्याने ह्या सगळ्यांचं पोट मारलं. हे दृश्य रंगमंचावर आणायचं तर परवाना कोणी दिला असता? प्रिंट मात्र बिनबोभाट विकलं गेलं.

पन्नास वर्षं पुढे या. १७९१ मध्ये टवाळ चित्रकार जेम्स गिलरेने 'मॅक्बेथ'मधल्या तीन चेटकिणी काढल्या: पंतप्रधान विल्यम पिट, मंत्री डंडास आणि लॉर्ड चॅन्सेलर थर्लो. तिघेही ओठावर बोट ठेवून चंद्राकडे बघताहेत. चंद्राची उजळ कोर म्हणजे राणी शार्लटचा चेहरा, काळोखी बाजू म्हणजे डोळे मिटलेला राजा तिसरा जॉर्ज. राजाला वेडाचा झटका येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. ड्रुरी लेनला हे करून दाखवायची कोणाची छाती होती?

एवढं पुरे. बोला आता.

निवांत_कोकणी

वाचून काढलं एका दमात. माकडाला दाद. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

शाईचा_डाग

चित्रकलेच्या बाजूने थोडी भर घालते, मी स्वतः एचिंग करते म्हणून.

हे प्रकरण इतकं चटकन कसं व्हायचं ते कळायला हवं. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने ओरखडत चित्र काढायचं. सुई जिथे जाते तिथे तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात. उघडं तांबं खाल्लं जातं, रेघ खोल होते. मेण काढलं, शाई चोळली, वरची शाई पुसून घेतली, खाचांतली तेवढी राहिली. वर ओलसर कागद ठेवून रुळांच्या प्रेसमधून दाबून काढायचं. शाईचे हात आठवडाभर निघत नाहीत, हे पदरचं. कोरणीने तांबं कोरत बसायचं तर महिने जातात. सुई-आम्लाने हात बसलेला माणूस काही दिवसांत चित्र बाजारात आणतो. सोमवारी संसदेत काही घडलं तर आठवडा संपायच्या आत ते काचेत, हे त्यामुळेच जमलं.

आणि चित्र छापल्यावर उलटं येतं, आरशातल्यासारखं. म्हणून घाईच्या प्रिंट्समध्ये डावखुऱ्या तलवारी दिसतात. रंग नंतर हाताने, बहुधा बायका आणि पोरं भरायची. साधं प्रिंट सहा पेन्स, रंगवलेलं शिलिंग. गिलरेची मोठी रंगीत चित्रं ह्याहून बरीच महाग.

फिरता_रंगमंच यांनी एक महत्त्वाचं साल सोडलं, १७३५. हॉगार्थने खटपट करून चित्रांना चौदा वर्षांचा कॉपीराइट मिळवून दिला. आधीचं 'अ हार्लट्स प्रोग्रेस' (१७३२, सहा चित्रांचा संच एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग) इतकं चाललं की नकलांचा सुळसुळाट झाला. म्हणून 'रेक्स प्रोग्रेस' त्याने कायदा लागू होईपर्यंत दाबून ठेवलं. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने दोन कायदे: एकाने चित्रकाराचं पोट भरलं, दुसऱ्याने नाटककाराचं मारलं.

बोरूबहाद्दर

लेख झकास, सिद्धांत मात्र जरा जास्तच कडक इस्त्रीचा वाटला.

घरोबा कायद्याने वाढला म्हणता, मग १७२४ चं काय? हॉगार्थचं 'मास्करेड्स अँड ऑपेराज' त्याच सालचं. मुखवट्यांच्या नाचाला आणि फॉस्टच्या मूकनाट्याला माणसांची रीघ, आणि मधून एक बाई ढकलगाडीत शेक्सपियर, ड्रायडन, काँग्रीव्ह रद्दी म्हणून विकायला नेतेय. तेव्हा वॉल्पोलचा कायदा कुठे होता? उलट्या दिशेनेही वाहतूक होतीच. 'हार्लट्स प्रोग्रेस' आलं आणि १७३३ मध्ये ड्रुरी लेनला त्याच चित्रांवरून मूकनाट्य लागलं. चित्र आणि नाटक दोघांचं गिऱ्हाईक एक, म्हणून जवळीक. धंद्याची गोष्ट आहे, त्यात कायदा कशाला घुसडायचा?

आणि 'मोकळं रान' म्हणजे कोणाला? लंडनचा साधा मजूर आठवड्याला दहा-बारा शिलिंग कमावत असेल, तर एक रंगीत प्रिंट घ्यायला त्याची जवळपास अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. तो माणूस शिलिंग टाकून गॅलरीत बसेल की कागद विकत घेईल? राहता राहिला तुमचा निर्भीड गिलरे. १७९७ पासून त्याला सरकारकडून वर्षाला २०० पौंड चालू झाले. त्यानंतर त्याची सुई कोणाला टोचत होती तेही लिहा की!

मी आपला पॉपकॉर्न घेऊन बसतो.

फिरता_रंगमंच

बोरूबहाद्दर, याचीच वाट बघत होतो.

१७२४ चं चित्र मान्यच आहे, पण त्यात टर कोणाची उडवली? लोकांच्या अभिरुचीची, मूकनाट्याची, इटालियन ऑपेराची. चित्र नाटकाबद्दल बोलतंय. १७९१ च्या चेटकिणींत नाटकाबद्दल अवाक्षर नाही, नाटकाचा फक्त अंगरखा आहे आणि आत मंत्रिमंडळ. हा बदल मला दाखवायचा होता. संसदेतल्या फॉक्सला शेक्सपियरचा फॉल्स्टाफ करा, नाटककार-खासदार शेरिडनला लाल नाकाचा बार्डोल्फ किंवा हार्लेक्विन (मूकनाट्यातला विदूषक) करा, प्रेक्षकाला ओळख पटवायला नाव लिहावं लागत नाही कारण ती पात्रं त्याने काल रात्री पिटात बसून बघितलीत.

किमतीचं म्हणाल तर विकत घेणारे थोडे, बघणारे फार. दुकानाची सगळी काच प्रिंट्सनी भरलेली असायची आणि बाहेर फुकट्यांची गर्दी. गिलरे हॅना हम्फ्री ह्या बाईंच्या दुकानाच्या वरच राहायचा, सेंट जेम्स स्ट्रीट, २७ नंबर. त्याच काचेसमोरची गर्दी त्याने १८०८ च्या 'व्हेरी स्लिपी वेदर'मध्ये दाखवलीय: म्हातारा घसरून पाठीवर पडलाय आणि मागच्या लोकांना पत्ता नाही, सगळ्यांची नाकं काचेला. ज्यांना घरी हवं त्यांच्यासाठी पिकाडिलीच्या फोअर्सकडे चित्रांच्या वह्या एका संध्याकाळसाठी भाड्याने मिळायच्या. पाहुणे जमले की काढायच्या.

गिलरेचे २०० पौंड खरे आहेत, आणि मला ते माझ्या बाजूचा पुरावा वाटतात. नाटककाराला गप्प करायला सरकारला एक शिक्का पुरत होता. चित्रकाराला गप्प करायला पैसे मोजावे लागले.

बोरूबहाद्दर

शेवटचं वाक्य चांगलं आहे, पण वाक्य चांगलं म्हणजे मुद्दा खरा असं नाही. विल्यम हॉलंड हा ऑक्सफर्ड स्ट्रीटचा प्रिंट विक्रेता १७९३ मध्ये तुरुंगात गेला, टॉमस पेनचं राजेशाहीविरोधी लिखाण विकलं म्हणून. तुमच्या मोकळ्या रानात वाघ होते राव.

तिसरी_घंटा

तुम्ही दोघं सरकार आणि चित्रकार यांच्यातच अडकलात. नाटकवाले काय नुसते हातावर हात ठेवून बसले होते?

कायद्यात शब्द होता पैसे घेऊन नाटक करण्याचा. मग गुडमन्स फील्ड्सच्या थिएटरने १९ ऑक्टोबर १७४१ ला जाहिरात केली ती गाण्याबजावण्याच्या जलशाची. तिकीट जलशाचं. जलशाच्या दोन भागांच्या मध्ये 'रिचर्ड द थर्ड' फुकट! मुख्य भूमिकेत 'कधीच रंगमंचावर न आलेले एक सद्गृहस्थ'. ते सद्गृहस्थ म्हणजे गॅरिक. इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट पळवाटेतून आत आला. हॉगार्थने पुढे त्याच भूमिकेतलं त्याचं भलंथोरलं चित्र रंगवलं: तंबूत दचकून उठलेला रिचर्ड, पाच बोटं फाकलेला हात पुढे. २०० पौंड मिळाले त्याला. १७४६ मध्ये त्यावरून प्रिंट निघालं आणि ज्याने गॅरिकला कधी बघितलं नव्हतं त्याच्याही भिंतीवर गॅरिक गेला. चित्रातून जाहिरात करायची अक्कल ह्या माणसाइतकी कोणाला नव्हती.

त्याहून वस्ताद सॅम्युएल फूट. हा नकलाकार. डॉक्टर, वकील, नट, वक्ते, कोणाचीही हुबेहूब नक्कल. १७४७ मध्ये हेमार्केटला त्याचा खेळ अडवला, तर त्याने 'मित्रांना' आधी चॉकलेट प्यायला आणि मग चहाला बोलावलं. तिकीट चहाचं. लोक येऊन बसले, चहा कुठे दिसेना. फूट म्हणाला, चहा होईस्तोवर ह्या नव्या नटांना जरा शिकवतो. आणि झाल्या नकला सुरू! पुढे १७६६ मध्ये घोड्यावरून पडून त्याचा पाय कापावा लागला. घोडा देणाऱ्या चमूत राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क होता. त्याच्या वशिल्याने फूटला उन्हाळ्यापुरतं पेटंट मिळालं. लाकडी पाय लावून हा परत उभा राहिला आणि 'द लेम लव्हर' नावाचं नाटक स्वतःसाठी लिहिलं. ह्याला म्हणतात नटाची जात.

आणि प्रिंटवाले नटांचे दोस्त होते असं समजू नका हं. नटी सारा सिडन्सचं १७८४ साल बघा. चित्रकार रेनल्ड्सने तिला शोकांतिकेची देवता म्हणून सिंहासनावर बसवली, रॉयल अ‍ॅकॅडमीत ते चित्र लागलं. त्याच वर्षी सहकारी नटांच्या मदतीचा खेळ नाकारला, पैशाला फार घट्ट आहे, अशी बोंब झाली आणि ऑक्टोबरात ड्रुरी लेनला तिला प्रेक्षकांनी हूट केलं. डिसेंबरात गिलरेने तीच देवता काढली, पैशाच्या थैलीकडे हात लांबवलेली. बाई उभ्या आयुष्यात पोरंबाळं आणि दौरे सांभाळत कमावत होती, त्याचं कौतुक कोण करणार. पुरुष नटाच्या मानधनावर एवढी चित्रं निघाली असतील असं मला वाटत नाही.

निवांत_कोकणी

ताई, कडक! चहाचं तिकीट ही आयडिया आमच्या हौशी संघाला सांगायला हवी.

माझ्या आवडीचा किस्सा बाटलीवाल्याचा. जानेवारी १७४९, तेच हेमार्केट. वर्तमानपत्रात जाहिरात: एक माणूस साध्या दारूच्या बाटलीत सर्वांसमक्ष शिरेल, आत बसून गाईल, शिवाय हातातल्या काठीवर कुठलंही वाद्य वाजवून दाखवेल. थिएटर हाऊसफुल्ल. कलोडनच्या लढाईचा विजेता ड्यूक ऑफ कंबरलँड स्वतः हजर! वाद्यं नाहीत, पडदा हलत नाही. लोक पाय आपटायला लागले. पिटातून कोणीतरी ओरडलं म्हणतात, दुप्पट पैसे द्या, अर्ध्या बाटलीत शिरतो. मग पेटली मेणबत्ती आली रंगमंचावर भिरकावलेली आणि पळापळ. बाकं, पडदे, नेपथ्य, सगळं उखडून रस्त्यावर नेऊन होळी केली. फूटवर पण संशय घेतला होता लोकांनी.

प्रिंटवाल्यांची दिवाळी. पण टर कोणाची? फसवणाऱ्याची नव्हे, फसलेल्यांची.

आकडेमोड

हाफ प्राइसवर कोणीच काही लिहिलं नाही? तिसऱ्या अंकानंतर आलं की अर्ध्या तिकिटात आत, अशी रीत होती. मुख्य नाटकानंतर एक छोटा विनोदी खेळ असायचा, तोच बघायला कामावरून सुटलेले लोक यायचे. जानेवारी १७६३ मध्ये गॅरिकने नव्या खेळांना ही सवलत बंद करायचा घाट घातला. थॅडियस फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने ड्रुरी लेनची मोडतोड झाली आणि गॅरिक नमला. कॉव्हेंट गार्डनवाल्यांनी हट्ट केला, फेब्रुवारीत 'आर्टाझर्झीस' ऑपेराच्या वेळी त्यांचंही तेच झालं. त्या दंग्याचं प्रिंट आहे. त्यात लोक त्याच खिळेवाल्या कठड्यावरून रंगमंचावर चढताना दिसतात. म्हणजे खिळे शोभेचेच होते.

बोरूबहाद्दर

आकडेमोड यांच्या प्रतिसादाला +१. खरा सेन्सॉर लॉर्ड चेंबरलेन नव्हताच, पिट आणि गॅलरी होती. १७५५ मध्ये गॅरिकने नृत्यकार नोव्हेरचं नृत्यनाट्य आणलं, 'द चायनीज फेस्टिव्हल'. फ्रान्सशी युद्ध तोंडावर, नाचणारे फ्रेंच असल्याची बातमी फुटली, सहा रात्रींत थिएटरचा चुराडा. ह्याला कुठला परवाना लागला होता?

इतिहासाचा_मास्तर

आपल्याला जवळचा एक धागा राहून चाललाय. फूटचं १७७२ चं 'द नबाब'. त्यातला सर मॅथ्यू माइट हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेला कंपनीवाला, इंग्लंडात येऊन संसदेची जागाच विकत घ्यायला निघालेला. क्लाइव्हसारखे लोक हयात होते तेव्हा.

आणि वॉरन हेस्टिंग्जचा खटला! आपण त्याला सालबाईच्या तहामुळे (१७८२) ओळखतो, महादजींच्या मध्यस्थीने पहिलं इंग्रज-मराठा युद्ध मिटलं तो. त्याच्यावर महाभियोग १३ फेब्रुवारी १७८८ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला, तिकिटं लावून. फिर्यादीच्या बाजूने बोलणारा शेरिडन हा ड्रुरी लेनचा मालक आणि 'द स्कूल फॉर स्कँडल'चा लेखक. अवधच्या बेगमांवरच्या भाषणाला तिकिटं पन्नास गिनींपर्यंत चढली म्हणतात. भाषण संपवून हा नाटककार मागे फिर्यादी बाजूच्याच बर्कच्या हातांत कोसळला! प्रिंटवाल्यांनी सोडलं असेल असं वाटतं? गिलरेने तर १७८६ मध्येच उंटावर बसलेला पौर्वात्य पेहरावातला हेस्टिंग्ज काढला होता, आणि त्याच्यावर तुटून पडणारे बर्क, फॉक्स आणि नॉर्थ दरोडेखोरांसारखे. हिंदुस्थानातली लूट कोणी केली ह्याबद्दल चित्रातला हेस्टिंग्ज अगदीच सोवळा आहे. खटला सात वर्षं चालला आणि १७९५ मध्ये तो सुटला.

तिसरी_घंटा

मास्तर, ह्याला जोडून. तो १७३७ चा कायदा तिकडे १८४३ मध्ये थोडा सैल झाला आणि लॉर्ड चेंबरलेनची कात्री पूर्ण गेली १९६८ साली. पण मधल्या काळात त्याच जातीचा कायदा इकडे आला, १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. पीचम म्हणजे वॉल्पोल, तसंच ते.

फिरता_रंगमंच

ताई, हे मी मुद्दाम टाळलं होतं, नाहीतर धागा तिकडेच वळतो. 'कीचकवधा'वर वेगळा काढा, मी आहेच.

बोरूबहाद्दरांच्या 'पिट हाच सेन्सॉर' ह्यावर: दंगा आणि परवाना ह्यांत फरक आहे. दंग्यात जे मोडलं ते सगळ्यांनी पाहिलं, त्याची चित्रं निघाली. परवाना नाकारलेलं नाटक प्रेक्षकाला दिसतच नाही. १७३९ मध्ये हेन्री ब्रूकचं 'गुस्तावस वासा' ह्या कायद्याखाली पहिलं अडलं. स्वीडनच्या राजाची गोष्ट, पण खलनायक मंत्री वॉल्पोलसारखा वाटला. तेही शेवटी वर्गणीने छापूनच वाचलं गेलं.

टेम्स_काठचा_गणपत

लंडनला येणाऱ्यांसाठी. 'रेक्स प्रोग्रेस'ची मूळ आठ तैलचित्रं सर जॉन सोन म्युझियममध्ये आहेत, लिंकन्स इन फील्ड्सला, म्हणजे जिथे 'बेगर्स ऑपेरा' लागलं त्याच परिसरात. तिथेच हॉगार्थची निवडणुकीवरची चार चित्रं आहेत आणि ती आधी गॅरिकच्या घरी होती. गॅरिकची बायको गेल्यावर १८२३ च्या लिलावात सोनने घेतली. भिंतीची फळी दारासारखी उघडते आणि आत आणखी चित्रं टांगलेली, ती उघडायच्या वेळा तिथल्या माणसाला विचारा. प्रवेश फुकट. रिचर्डच्या वेशातला गॅरिक बघायला मात्र लिव्हरपूल गाठावं लागतं, वॉकर गॅलरी. चिझिकला हॉगार्थचं घर आहे आणि जवळच्या चर्चच्या आवारात थडगं, त्यावरचा मजकूर गॅरिकने लिहिलेला. बाहेरचा रस्ता भयंकर वाहता आहे, जपून.

आकडेमोड

१८०९ चे ओ. पी. दंगे ह्या धाग्यात बसतात का? शतक संपलंय म्हणून विचारतो.

फिरता_रंगमंच

बसवू की. कॉव्हेंट गार्डन १८०८ मध्ये जळलं, सप्टेंबर १८०९ मध्ये नवं उघडलं. खर्च भरून काढायला बॉक्स सहाचे सात शिलिंग केले, पिट साडेतीनाचं चार, आणि एक अख्खा मजला श्रीमंतांच्या खाजगी बॉक्सना दिला. लोकांनी सदुसष्ट रात्री नाटक ऐकूच दिलं नाही. रंगमंचाकडे पाठ करून नाच, खुळखुळे, घंटा, टोपीवर 'ओ. पी.' म्हणजे जुने दर. व्यवस्थापक जॉन केंबलने मेंडोझासारखे मुष्टियोद्धे आणून बसवले, त्याने आणखी भडका. क्रूकशँक बाप-लेकांनी प्रिंटवर प्रिंट काढली. शेवटी केंबलने माफी मागितली, पिट परत साडेतीनवर आलं, बॉक्स सातवरच राहिले.

बोरूबहाद्दर

म्हणजे बॉक्सवाल्यांनी वाढ मुकाट भरली.

शाईचा_डाग

त्यांची पाठ होती ना खेळाकडे, दर कुठून दिसणार.